'छान आहे' म्हणून सुटू नका : दुसऱ्याच्या मालावर उपयोगी अभिप्राय कसा द्यायचा



या आठवड्याच्या व्हिडिओत बॅचमधला एक प्रसंग सांगायला घेतला होता, पण वेळ संपला आणि तो अर्धाच राहिला. आज इथे पूर्ण लिहितोय. विषय साधा वाटेल. दुसऱ्या उद्योजकाने आपला माल तुमच्या हातात दिला आणि विचारलं, "कसा वाटला?", तर काय बोलायचं?

शनिवारच्या बॅचला मी प्रत्येकाला आपापला माल घेऊन यायला सांगतो. त्या दिवशी १४ जण होते. टेबलावर थालीपिठाची भाजणी होती, नाचणीचे लाडू होते, कोकम सिरप, उडदाचे पापड, कापडी पिशव्या, गोधड्या, धूप. मी सांगितलं, सगळ्यांनी सगळ्यांचा माल हातात घेऊन बघायचा, चाखायचा, आणि प्रत्येकाबद्दल एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहून द्यायच्या. १४ जणांनी १३ जणांबद्दल लिहायचं म्हणजे १८२ चिठ्ठ्या. घरी नेऊन मी त्या एकेक वाचल्या. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर एकच मजकूर होता. छान. खूप छान. मस्त चव. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. आपल्याकडे समोरच्याच्या कामाला नावं ठेवू नयेत असं लहानपणापासून शिकवलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. पण विचार करा, कोकम सिरपवाल्या दादांच्या हातात १३ चिठ्ठ्या पडल्या. त्यातल्या बारा वाचून त्यांना सोमवारी सकाळी उठून काहीही वेगळं करता येणार नव्हतं. तेरावी चिठ्ठी अशी होती :

"एका पेल्याला किती चमचे घालायचे ते बाटलीवर कुठेच लिहिलेलं नाही. मी अंदाजाने चार घातले, फार गोड झालं. पाणी वाढवलं तर कोकमाची चवच गेली. बरोबर माप काय?"

दादांनी चिठ्ठी वाचली आणि कपाळावर हात मारला. घरात सगळ्यांना माप माहीत, त्यामुळे ते लिहायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या वेळी लेबल छापताना एक ओळ वाढवली. खर्च शून्य. आणि ही चिठ्ठी कुणाची होती? कापडी पिशव्या शिवणाऱ्या ताईंची. खाद्यपदार्थाच्या धंद्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. त्यांनी फक्त बाटली उघडून खरंच सरबत करून बघितलं, आणि जे घडलं ते जसंच्या तसं लिहिलं.

आता माझी चूक सांगतो. व्हिडिओत हीच राहून गेली होती.

काही वर्षांपूर्वी एक ताई माझ्याकडे जवसाच्या चटणीचं सॅम्पल घेऊन आल्या होत्या. पारदर्शक पाऊच, वर सुंदर स्टिकर, १०० ग्रॅम. मी एक चिमूट जिभेवर ठेवली. चव चांगली होती, पण मागून किंचित खवट वास आला. अगदी किंचित. जवसाचं तेल लवकर खवट होतं. त्यात ओमेगा-३ प्रकारची स्निग्धता जास्त असते, आणि जवस भाजून कुटला की ती हवेच्या, उजेडाच्या आणि उष्णतेच्या तावडीत सापडते. हे मला माहीत होतं. ताईंचा चेहरा मात्र इतका उत्साही होता की मला ते बोलवेना. म्हटलं, नवीन आहेत, आत्ताच कशाला. मी म्हणालो, "छान झालीय, ताई."

त्या 'छान'च्या भरवशावर ताईंनी मोठा घाणा काढला. पाऊचवर सहा महिन्यांची मुदत छापली, कारण दुसऱ्या कुठल्यातरी मसाल्याच्या पाकिटावर सहा महिने लिहिलेलं त्यांनी पाहिलं होतं. एका दुकानात १८० पाकिटं दिली, ५० रुपयांनी. उन्हाळा होता, पाकिटं काचेच्या शोकेसमध्ये उन्हाला लावलेली. दीड महिन्यात दुकानदाराने सगळा माल परत केला, आणि वर चार गिऱ्हाइकांसमोर ऐकवलं. ९००० रुपयांचं बिल गेलं. त्यांच्यासाठी तेव्हा ती रक्कम लहान नव्हती. मला फोनवर त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "सर, तुम्ही तर चाखली होती ना?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी माझ्याकडे शाबासकी मागितलीच नव्हती. विकत घेण्याआधी गिऱ्हाईक जे बघेल ते आधी मी बघून सांगावं, एवढंच मागितलं होतं. मी स्वतःचा अवघडलेपणा वाचवला आणि त्याची किंमत त्यांनी भरली. तेव्हापासून मी बॅचमध्ये हा चिठ्ठ्यांचा प्रकार सुरू केला.

मग बोलायचं कसं? पहिली गोष्ट, बोलायच्या आधी वापरा. हे इतकं उघड आहे की कुणी करतच नाही. पापड हातात घेऊन 'पातळ लाटलाय' म्हणणं वेगळं आणि घरी गॅसवर भाजून बघणं वेगळं. भाजल्यावर कळतं की मध्ये करपतोय आणि कडा कच्च्या राहतायत, म्हणजे लाटताना कडा जाड राहतायत. भाजणी असेल तर थालीपीठ लावून बघा. पिशवी असेल तर तिच्यात पाच किलो बटाटे घालून बाजारातून घरापर्यंत या, बंदाची शिवण काय म्हणते ते कळेल. पाकीट उघडताना कात्री लागली का दातांनी फाडावं लागलं, एकदा उघडल्यावर परत बंद होतं का, हेसुद्धा वापरण्यातच आलं. मालकाने हे पाकीट हजार वेळा भरलेलं असतं, पण गिऱ्हाईक म्हणून एकदाही उघडलेलं नसतं.

लेबल वाचा, पण चष्मा लावून परीक्षा घेतल्यासारखं नको. खाण्याच्या पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर असावा लागतो, तारीख, निव्वळ वजन, किंमत, संपर्क, शाकाहारी असेल तर ते हिरवं चिन्ह. हे सगळं आहे का, यापेक्षा वाचता येतंय का, हे तुम्ही सांगू शकता. एका ताईंच्या लोणच्याच्या बरणीवर सगळं नियमाप्रमाणे छापलेलं होतं, पण तेलाचा हात लागला की तारखेची शाई पुसली जायची. हे त्यांना दुकानदाराने सांगितलं नाही, कुणा अधिकाऱ्यानेही नाही. शेजारच्या स्टॉलवरच्या मुलीने सांगितलं.

दुसरं म्हणजे निकाल देऊ नका, हकीकत सांगा. 'तिखट फार आहे' हा निकाल झाला. त्यावर मालक म्हणणार, "आमच्याकडे असंच खातात," आणि विषय संपला. त्याऐवजी असं सांगून बघा, "आम्ही घरी चौघांनी भाकरीबरोबर खाल्ली. आम्हा दोघांना आवडली, मुलांनी एका घासात सोडली, आईने दही मागितलं." आता मालकाकडे माहिती आली. त्यातून काय करायचं, मध्यम तिखट पाकीट वेगळं काढायचं की लेबलवर 'झणझणीत' असं स्पष्ट लिहायचं, हे त्याचं तो ठरवेल. त्याचा धंदा त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतो. तुमच्या घरी काय घडलं हे मात्र तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळायचं नाही.

कौतुकालाही हेच लागू आहे. लोकांना वाटतं, नेमकेपणा फक्त चूक दाखवताना हवा. उलट मी म्हणेन कौतुकात तो जास्त हवा. 'लाडू मस्त' ऐकून नाचणीच्या लाडवावाल्या ताईंना काय कळणार? "नाचणीचे लाडू घशाला चिकटतात म्हणून मी घेत नाही, तुमचा लाडू मात्र कोरडा लागला नाही" असं कुणी म्हटलं, तर त्यांच्या लक्षात येतं की आपलं तुपाचं प्रमाण हीच आपली खरी बाजू आहे, उद्या भाव परवडत नाही म्हणून तिथेच हात आखडता घ्यायचा नाही. कितीतरी जण खर्च कमी करताना नेमकी तीच गोष्ट काढून टाकतात जिच्यासाठी गिऱ्हाईक येत होतं. कारण तसं त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं.

किमतीवर बोलताना जरा सांभाळून. 'महाग आहे' हे वाक्य मला बॅचमध्ये ऐकायचंच नाही असं मी गमतीने सांगतो. कशाच्या तुलनेत महाग? तुम्हाला खरंच किमतीबद्दल काही म्हणायचं असेल तर आधी हिशोब करा. २०० ग्रॅम १२० रुपयांना म्हणजे किलोला ६०० पडले. मग असं सांगा की "मी ज्या दुकानातून घेते तिथे अशीच भाजणी इतक्याला मिळते, तुमच्यात जास्त काय आहे ते मला पाकिटावरून कळलं नाही." बघा, यात 'कमी करा' असं कुठेच आलं नाही. कदाचित भाव बरोबरच असेल आणि लेबल मुकं असेल. ताईंनी त्या भाजणीत धान्यं वेगवेगळी भाजलेली असतात, सगळी एकत्र नाही, त्याला वेळ आणि गॅस जास्त लागतो, हे कुठे लिहिलंय का?

इथे एक जुनं उदाहरण सांगतो, कारण ते आपल्या मुंबईचं आहे आणि सगळ्यांच्या घरात पोचलेलं आहे. लिज्जत पापड. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, हे तुम्ही ऐकलंच असेल. त्यांना पैशाची आणि सल्ल्याची मदत करणारे छगनलाल पारेख हे समाजसेवक होते. सुरुवातीला या बायका दोन प्रतींचे पापड करत, हलक्या प्रतीचे स्वस्तात विकायला. छगनबापांनी त्यांना सांगितलं की एकाच ठराविक प्रतीचा पापड करा, दर्जात तडजोड करू नका, आणि हिशोब नीट ठेवा. पुढे हजारो बायका घरोघरी पापड लाटू लागल्या, तरी घरून लाटून आणलेला पापड तपासून घेण्याची शिस्त लिज्जतमध्ये राहिली.

मला या गोष्टीत नेहमी एक प्रश्न पडतो. त्या दिवशी छगनबापा "वा, छान चाललंय, चालू द्या" असं म्हणून निघून गेले असते तर? त्यांनी कष्टांचं कौतुक केलंही असेल, पण ते तिथे थांबले नाहीत. आणि आणखी एक, पापड कसा लाटायचा हे सांगायला ते गेले नाहीत. ते त्या सातजणींना जास्त कळत होतं. बाहेरून बघणाऱ्याला जे दिसू शकतं, तेवढंच ते बोलले.

म्हणून मर्यादा पाळा. पिशव्या शिवणाऱ्या ताईंनी सिरपमध्ये साखर किती घालावी हे सांगितलं नाही, माप विचारलं. तुम्हाला ज्यातलं कळत नाही तिथे प्रश्न विचारा. प्रश्नाने समोरचा दुखावत नाही, आणि उत्तर देता देता कधीकधी त्याचं त्यालाच उमगतं. "हे किती दिवस टिकतं, आणि तुम्ही ते कसं बघितलं?" हा एक प्रश्न मी त्या दिवशी जवसाच्या चटणीबद्दल विचारला असता, तरी पुरे होतं. ताई म्हणाल्या असत्या, "बघितलं नाही." मग एक पाकीट उजेडात, एक अंधाऱ्या कपाटात ठेवून दर आठवड्याला उघडून वास घ्यायचा, हे आम्ही तिथेच ठरवलं असतं. पक्की मुदत ठरवायला प्रयोगशाळेची तपासणी लागते, पण एवढं घरीही कळतं.

वेळ-काळाचं भान हवं. पुण्याची भीमथडी जत्रा असो, मुंबईचं महालक्ष्मी सरस असो, नाहीतर तुमच्या तालुक्याचं बचतगटांचं प्रदर्शन. संध्याकाळी स्टॉलवर गर्दी उसळलेली असताना तिथे उभं राहून "ताई, तुमचं लेबल ना..." असं सुरू करू नका. मागे गिऱ्हाईक ऐकत असतं. कौतुक खुशाल चारचौघांत करा, दोष मात्र बाजूला घेऊन सांगा, सकाळी स्टॉल लावताना किंवा दुपारच्या निवांत वेळी. याला एकच अपवाद. मालात खाणाऱ्याच्या पोटाला त्रास होईल असं काही दिसलं, बुरशी, फुगलेलं पाकीट, खवट वास, तर निवांत वेळेची वाट बघायची नाही. लगेच बाजूला बोलवा आणि स्पष्ट सांगा. तिथे भीड धरली की काय होतं ते मी वर लिहिलंच आहे.

आणि कृपा करून अभिप्रायाच्या पिशवीतून स्वतःचा माल काढू नका. "तुमचं पॅकिंग जरा साधं आहे, माझ्याकडे चांगले पाऊच मिळतात, हे घ्या कार्ड." समोरच्याला तेव्हाच कळतं की तुम्ही त्याचा माल बघितलाच नाही, त्याच्यात तुमचं गिऱ्हाईक बघितलंत. मग तुमचं म्हणणं खरं असलं तरी तो ते मनावर घेत नाही.

आमच्या एका बॅचमध्ये पाऊच आणि बरण्या पुरवणारा एक मुलगा होता. पहिल्या दिवशी त्याने सगळ्यांना कार्ड वाटली. कुणी फोन केला नाही. मी त्याला म्हटलं, तीन महिने कार्ड खिशातच ठेव. प्रत्येकाचं एक पाकीट पैसे देऊन विकत घे, घरी ने, आणि काय दिसलं ते सांग. पोरगं चिकाटीचं. त्याने एका काकूंना सांगितलं की सील करताना पट्टीत मसाल्याची पूड अडकते म्हणून कोपऱ्यातून हवा जाते, भरताना कागदाचं नरसाळं वापरा, आहे तोच पाऊच चालेल. बघा, स्वतः पाऊच विकणारा माणूस 'आहे तोच चालेल' म्हणाला! त्या काकूंनी दिवाळीच्या ऑर्डरला पाऊच कुणाकडून घेतले असतील, आणि आपल्या गटातल्या बाकीच्या बायकांना कुणाचा नंबर दिला असेल, ते तुम्हीच ओळखा. पण हे सूत्र म्हणून वापरायला जाऊ नका हं. ऑर्डर मिळेल म्हणून केलेली विचारपूस लगेच ओळखू येते. बाकीच्या काहींनी त्याच्याकडून कधीच काही घेतलं नाही, आणि त्याने त्यांनाही तेवढंच मनापासून सांगितलं होतं.

मी 'विकत घे' म्हटलं ते लक्षात घ्या. फुकट सॅम्पल मागून त्यावर बोलणं मला पटत नाही. छोट्या उद्योजकाचं एक पाकीट म्हणजे त्याचा खर्च असतो. ६०-७० रुपये घाला. स्वतःचे पैसे गेले की बघायची नजरही आपोआप गिऱ्हाइकाची होते.

या आठवड्याचा गृहपाठ असा. ओळखीच्या एका उद्योजकाचं एक उत्पादन विकत घ्या. तुमच्या लाइनमधलं नसलं तर उत्तम, म्हणजे स्पर्धेचा वास येणार नाही. दोन-तीन दिवस खरंच वापरा. मग त्यांना फोन करा, किंवा चार-पाच वाक्यं लिहून पाठवा. मागच्या बॅचमधल्या एका दादांनी धूपाच्या पाकिटावर पाठवलेला निरोप नमुना म्हणून देतो, त्यांना विचारूनच :

"ताई, तुमचा धूप तीन दिवस संध्याकाळी लावला. वास सौम्य आहे, माझ्या वडिलांना दम्यामुळे उदबत्ती चालत नाही, पण याने त्यांना ठसका लागला नाही, हे मला विशेष वाटलं. डबीतल्या दहापैकी दोन कांड्या तुटलेल्या निघाल्या, दोन्ही तळाच्या थरातल्या. एक कांडी किती वेळ जळते ते डबीवर दिसलं नाही, मी मोजलं तर २० मिनिटं भरली. डबीत कांड्या उभ्या भरता का आडव्या?"

ताईंचं उत्तर त्याच रात्री आलं, की आडव्या भरतो, आणि वरच्या थराच्या वजनाने तळच्या तुटत असणार, उद्याच मध्ये कागद घालून बघते. दम्याच्या बाबतीत मात्र त्यांनी लिहिलं की हे लेबलवर छापणार नाही, एका घरचा अनुभव आहे. शहाण्या बाई.

जवसाच्या चटणीवाल्या ताई अजून धंद्यात आहेत. आता छोटे घाणे काढतात, पाऊच आतून चंदेरी, उजेड न जाणारे. नवीन घाणा निघाला की एक पाकीट माझ्याकडे येतं. मी ते महिनाभर तसंच ठेवतो आणि मग उघडून कळवतो. मागच्या वेळी मीठ कमी होतं. तसं कळवलं.

पुढच्या व्हिडिओत हेच दुसऱ्या बाजूने बघू, आपल्या मालावर कुणी असं बोललं तर ऐकून कसं घ्यायचं आणि त्यातलं काय सोडून द्यायचं. तोपर्यंत गृहपाठ करून ठेवा. पाकीट विकत घेतल्याची पावती बॅचला आणलीत तर मला आनंद होईल.